वलांडीच्या जागेसाठी लढवलेली निवडणूक

मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाकडे होता. इतर भागांना या काळाची झळ रस्ते आणि कचऱ्यातून पोहोचली असेल. आमच्या मढ बेटावर ती मुख्यतः नकाशांतून पोहोचली. कोळीवाड्याची हद्द कुठे संपते, खाडीवरच्या पुलाचा रस्ता कुठे उतरणार, कोणती जमीन कोणत्या कामासाठी राखून ठेवली आहे, हे विचारायला सभागृहच उरले नव्हते. १५ जानेवारी २०२६ रोजी अखेर मतदान झाले, त्या निवडणुकीत मी अपक्ष म्हणून उभी होते आणि हरले. मुंबईत १८९ गावठाणे मोजली जातात, कोळीवाडे वेगळे. त्यांतल्या कुणाला पुढच्या वेळी याच, म्हणजे गावाची हद्द नकाशावर आणण्याच्या, मुद्द्यावर उभे राहायचे असेल तर त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मालाड स्थानकाबाहेरून २७१ क्रमांकाची बस मार्वे रस्त्याने निघते आणि मालवणी, आक्सा, एरंगळ, भाटी अशी गावे घेत मढच्या जेट्टीला येऊन थांबते. पलीकडे वर्सोवा दिसते. फेरीबोटीने तिथे पोहोचायला काही मिनिटे लागतात, रस्त्याने जायचे तर वीस किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढवली गेली, तेव्हापासून उत्तरेकडची ही सारी गावे शहरात आली. त्याआधी ती ठाणे जिल्ह्यात मोडत. कोळी, ख्रिस्ती कोळी, ईस्ट इंडियन, भंडारी आणि पाड्यांवरचे वारली असे लोक इथे राहतात आणि बहुतेकांच्या पोटापाण्याचा संबंध आजही समुद्राशी, वाडीशी किंवा मासळीबाजाराशी आहे. मी स्वतः मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिते. डिझेलचा कोटा, बर्फाची बिले, नौकांचे परवाने असे माझे काम आहे. निवडणुकीपूर्वी राजकारणाशी माझा संबंध मतदानापुरताच होता.

मी उभी राहिले त्याला कारण झाली आमची वलांडीची जागा. ज्यांनी कोळीवाडा आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळा सरला की बंदराच्या वरच्या अंगाला बांबू पुरून आडव्या काठ्यांच्या रांगा उभ्या केल्या जातात, त्यांना वलांडी म्हणतात. डोलीच्या जाळ्यात आलेले बोंबील दोन-दोन करून, एकाचा जबडा दुसऱ्यात अडकवून, या काठ्यांवर टांगतात आणि ऊन-वाऱ्यावर सुकवतात. जवळा आणि करंदी खाली सारवलेल्या किंवा कोबा केलेल्या जमिनीवर पसरतात. कोणत्या घरची वलांडी कुठून कुठपर्यंत, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही, पण गावातल्या प्रत्येक बाईला ते पाठ असते आणि त्यावरून सहसा भांडण होत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा बांबू काढून, मोळ्या बांधून घराच्या पडवीत ठेवतात, जमिनीवर गवत उगवते आणि ती जागा खरोखरच मोकळी दिसते.

आमच्याकडे मोजणीचे लोक आले ते नेमके त्याच दिवसांत. त्यांनी छायाचित्रे घेतली, खुणा केल्या आणि नोंद केली ती ‘रिकामी जागा’. ते कोणत्या कार्यालयाचे होते हे इथे लिहीत नाही, कारण त्या माणसांचा वैयक्तिक दोष मला दिसत नाही; त्यांच्या नमुन्यात ‘घर’, ‘दुकान’, ‘रस्ता’, ‘झाड’ यांना रकाना होता आणि वर्षातून आठ-नऊ महिने शेकडो बायका जिथे काम करतात त्या जागेला रकाना नव्हता. अशी पुष्कळशी जमीन अभिलेखात सरकारच्या नावावर आहे. एकदा ती रिकामी ठरली की तिच्यावर उद्यान, वाहनतळ, रस्ता किंवा आणखी काही दाखवायला कोणाची हरकत येत नाही. हरकत घ्यायची मुदत असते, पण ती सूचना ज्या वर्तमानपत्रात आणि संकेतस्थळावर येते तिथे मासळी सुकवणाऱ्या बायका कधी पोहोचणार?

मुंबईच्या विकास आराखडा २०३४ चा पहिला मसुदा २०१५ मध्ये चुकांमुळे मागे घ्यावा लागला होता आणि सुधारित आराखड्याला राज्य सरकारची मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. त्यात कोळीवाड्यांच्या आणि गावठाणांच्या हद्दी नीट दाखवलेल्या नाहीत ही तक्रार मुंबईभर आहे. दुसरीकडे, सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेतच बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांचे सर्वेक्षण आणि नकाशे करावेत असे म्हटलेले आहे. म्हणजे नकाशा करण्याची जबाबदारी सरकारने स्वतःच मान्य केलेली आहे, आणि त्यानंतर दीड दशक होत आले तरी आमच्या वापराच्या जागा कागदावर उतरलेल्या नाहीत. हद्द नसली की काय होते हे शीव आणि वरळीच्या कोळीवाड्यांनी अनुभवले आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना आपले घर झोपडे नाही हे सिद्ध करत फिरावे लागले.

नोव्हेंबरमध्ये हरबादेवीच्या देवळाजवळ गावकी बसली आणि या वेळी आपला माणूस उभा करायचा असे ठरले. नाव निघेपर्यंत बराच वेळ गेला. ज्या पुरुषांची नावे पुढे आली त्यांचे म्हणणे असे की ऐन हंगामात होडी सोडून महिनाभर फिरणे परवडणार नाही. मग एका वृद्ध नाखव्यांनी माझ्याकडे पाहून म्हटले, “बाय, कागद तुला वाचता येतान. तूच उभी राहा.” आरक्षणाच्या सोडतीत आमचा प्रभाग ज्या वर्गात पडला होता त्यात मला उभे राहता येत होते. दोन पक्षांकडून आधी निरोप आले होते. दोन्हीकडे मी गेले, नीट बोलले, आणि दोन्हीकडे उत्तर साधारण एकच मिळाले : हद्दीचा मुद्दा चांगला आहे, पण तो जाहीरनाम्यात घालता येणार नाही, कारण जाहीरनामा शहरासाठी एकच असतो. मला उभे राहण्याचे दुसरे कारणच नव्हते, त्यामुळे अपक्ष राहण्याचा निर्णय घ्यायला वेळ लागला नाही.

अर्ज २३ ते ३० डिसेंबर या काळात भरायचे होते. अर्ज भरण्याच्या कामाला कुणीही सोपे समजू नये. सूचक आणि अनुमोदक त्याच प्रभागाच्या यादीतले मतदार लागतात, आणि यादी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेल्या विधानसभेच्या मतदार यादीवरून केलेली असल्यामुळे आमच्या गावातली काही नावे शेजारच्या प्रभागात गेलेली आढळली, तर काही दोनदा आढळली. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांचे शपथपत्र द्यावे लागते. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेली नाहीत, घरात शौचालय आहे आणि ते वापरात आहे, पालिकेची थकबाकी नाही, अशा एकेका गोष्टीचा कागद जोडावा लागतो. हे सगळे आधीपासून फाइलला लावून ठेवले तर जमते.

खरी कसोटी एकाच घोषणेची होती. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम १६ प्रमाणे ज्याने स्वतः, जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केले आहे तो नगरसेवक राहण्यास अपात्र ठरतो. तरतूद योग्यच आहे आणि ती काढावी असे मला मुळीच वाटत नाही. पण गावठाणातल्या माणसासाठी ती फार अवघड आहे, कारण आमची घरे कुठल्याही मंजूर नकाशाप्रमाणे बांधलेली नाहीत. ती नियोजनाच्या कायद्यांच्या आधीपासून उभी आहेत. मुंबईत १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे राहते बांधकाम चालू ठेवू दिले जाते, मात्र ते त्या तारखेपूर्वीचे आहे हे घरमालकाने दाखवायचे असते. सासऱ्यांच्या लोखंडी ट्रंकेत जुन्या घरपट्टीच्या पावत्या मिळाल्या. त्यांतली एक इतकी जीर्ण होती की ती दोन काचांमध्ये धरून छायाप्रत काढली. नगर भूमापनाची मिळकत पत्रिका, वीजजोडणीचा कागद आणि या पावत्या असा संच घेऊन मी अर्ज भरला.

३१ डिसेंबरला छाननी होती. अपेक्षेप्रमाणे प्रतिस्पर्ध्यांपैकी एकाच्या प्रतिनिधीने हरकत घेतली की माझे घर अनधिकृत आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, पावत्या उजेडाकडे धरून पाहिल्या, मिळकत पत्रिकेवरचा क्रमांक जुळवला आणि हरकत फेटाळली. मला त्या वेळी एरंगळ आणि मढच्या बंगल्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. याच पट्ट्यात ना विकास क्षेत्रात आणि किनारा नियमन क्षेत्रात उभे राहिलेले बंगले १९६४ पूर्वीचे आहेत असे दाखवण्यासाठी भूमापनाच्या नकाशांत फेरफार झाल्याचे प्रकरण बाहेर आले, त्यासाठी विशेष तपास पथक नेमले गेले आणि २०२५ मध्ये पालिकेने तिथली बांधकामे पाडलीही. ज्यांची घरे नवी होती त्यांच्याकडे जुने नकाशे तयार होते, आणि ज्यांची घरे खरोखर जुनी आहेत त्यांना ट्रंका उपसाव्या लागतात. प्रचारात मी हे प्रत्येक सभेत सांगितले, कारण नकाशा कुणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून असते हे लोकांना त्यावरून लगेच पटत असे.

माघारीची मुदत २ जानेवारीला संपली, ३ तारखेला चिन्हे मिळाली आणि प्रचाराला जेमतेम दहा दिवस उरले. इथे आकडे समजून घेतले पाहिजेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक आणि प्रभाग २२७, म्हणजे सरासरी एका प्रभागात ५५ हजारांच्या आसपास माणसे. मढ बेटावरची सगळी गावे मिळूनही प्रभागात आम्ही अल्पसंख्य आहोत. उरलेले मतदार मार्वे रस्त्याच्या आजूबाजूच्या इमारतींत आणि मालवणीच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये राहतात. गावाचे गावपण टिकवा असे म्हणून फक्त गावाची मते मिळतात, तीही सगळी नाहीत. ज्याला गावठाणाच्या मुद्द्यावर निवडणूक लढवायची आहे त्याने पहिल्या दिवसापासून हा विचार करायला हवा की जो माणूस गावात राहत नाही त्याने या मुद्द्याला मत का द्यावे.

मालवणीच्या बाजूला एका गल्लीत बायका पाण्याच्या पिंपांजवळ बसल्या होत्या. मी आमच्या हद्दीचा प्रश्न सांगितला. त्यांतल्या एकीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ताई, तुमचं गाव वाचलं तर आमच्या नळाला पाणी येणार का?” प्रश्न रास्त होता. मी सोबत आमच्या बायकांनी केलेला नकाशा नेला होता. मोठ्या खाकी कागदावर आम्ही पावलांनी मोजून प्रत्येक घरची वलांडी, जाळी विणायची जागा, होड्या ओढून घ्यायची जागा, विहीर आणि पायवाटा काढल्या होत्या. तो कागद मी तिथेच जमिनीवर पसरला आणि सरकारी नकाशात इथे काहीच नाही हे दाखवले. मग त्या स्वतःच बोलू लागल्या. त्यांची बालवाडी ज्या खोलीत भरते ती नकाशात नाही. पावसाळ्यात ज्या मोकळ्या पट्ट्यातून पाणी वाहून जाते त्यावर भराव पडला, कारण नकाशात तो नाला नव्हता. ज्या नळावर चाळीस घरे पाणी भरतात त्याचा उल्लेख कुठेच नाही. माझ्या प्रचाराचा मुद्दा त्या गल्लीत पक्का झाला : माणसे रोज जे वापरतात ते आधी नकाशावर आले पाहिजे, मग ते गाव असो वा वस्ती, आणि ते आल्याशिवाय नव्या बांधकामाला मंजुरी देता कामा नये. त्यानंतर आमच्या पत्रकावर एकच ओळ मोठ्या अक्षरांत छापली : ‘आधी पाणी, गटार, रस्ता, मग मजले’.

विकासाला विरोध करणारी बाई, असा प्रचार माझ्याविरुद्ध झाला. त्याला उत्तर देणे सोपे होते असे मी म्हणणार नाही, कारण आमच्या गावातच या बाबतीत दोन मते आहेत. एका घरात चार भाऊ, त्यांची मुले मोठी झालेली, लग्ने होऊन सुना आलेल्या. त्यांना वर एक मजला हवा आहे आणि तो कायदेशीर मार्गाने मिळत नाही. काही तरुणांनी मला स्पष्ट विचारले की बिल्डर सगळा कोळीवाडा पाडून टॉवर देतो म्हणतो, तर तुझी हरकत कशाला? मी त्यांना एवढेच विचारले की सतराव्या मजल्यावर बोंबील कुठे सुकवणार, आणि होडी, इंजिन, जाळी कुठे ठेवणार? धंदा सोडायचा असेल तर टॉवर हे उत्तर असू शकते. धंदा करायचा असेल तर घराला वर वाढायची परवानगी देणारी आणि अंगण, पायवाट, वलांडी यांना हात न लावणारी गावठाणाची स्वतंत्र नियमावली हवी, आणि ही मागणी मुंबईतल्या सर्व गावठाणांची आहे. माझे म्हणणे प्रत्येकाला पटले नाही. पण गावाने जसेच्या तसे थांबून राहावे असे मला कधीच वाटले नाही. गावाची वाढ गावाने ठरवावी, एवढेच मी सांगत होते.

पुलाच्या बाबतीतही मी भूमिका लपवली नाही. मढ आणि वर्सोवा जोडणारा पूल पालिकेने योजला आहे. रात्री बाळंतीण अडली तर वळसा घालून मालाडला न्यावे लागते, हे ज्याने पाहिले आहे तो पूल नको असे म्हणणार नाही. पण पूल झाल्यावर इथल्या जमिनीचा भाव आणि रस्त्यावरची वाहने एका वर्षात बदलतील, आणि गावांची हद्द त्याआधी कागदावर आली नाही तर नंतर येणारच नाही. म्हणून आधी मोजणी, मग पूल, हा क्रम मी मागत होते. खारफुटीविषयी बोलणे त्याच सुमारास टाळता येण्यासारखे नव्हते. वर्सोवा–भाईंदर किनारी रस्त्यासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्येच परवानगी दिली होती. त्याच न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीचा नाश म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असे म्हटले होते. इमारतींतल्या रहिवाशांना २६ जुलै २००५ आठवतो, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस; त्यामुळे खाडीकाठची झाडे पाणी थोपवतात आणि निवळू देतात हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही. एका सोसायटीच्या गच्चीवरच्या बैठकीत हीच चर्चा सर्वांत जास्त रंगली आणि तिथल्या एका निवृत्त अभियंत्यांनी पुढे आमच्या खाकी कागदावरचा नकाशा प्रमाणात काढून दिला.

कोळीवाड्यातला प्रचार भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानेच करावा लागतो. डोलीची मासेमारी उधाणाच्या प्रवाहावर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास होड्या समुद्रात असतात आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला प्रवाह मंद असताना, माणसे घरी सापडतात. या वेळी भांग १० जानेवारीच्या आसपास आला. नेमका ११ तारखेला, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, एरंगळच्या सेंट बोनाव्हेंचर चर्चचा सण होता. किनाऱ्यावरच्या या जुन्या चर्चच्या सणाला सर्व धर्मांची माणसे मुंबईभरातून येतात. प्रचाराचा शेवटचा रविवार आणि एवढी माणसे एका जागी, असा योग पुन्हा येणे नाही, असे मला अनेकांनी सांगितले. आचारसंहितेप्रमाणे धर्मस्थळाचा प्रचारासाठी वापर करता येत नाही आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो दिवस आमच्या घरातल्या सणाचा आहे. मी कार्यकर्त्यांसकट तिथे गेले, मेणबत्ती लावली, ओळखीच्यांना भेटले आणि एकही पत्रक वाटले नाही. त्या दिवशी मते मिळाली की गेली याचा हिशेब मी केलेला नाही.

प्रचार १३ तारखेच्या संध्याकाळी थांबला आणि १४ ला संक्रांत आली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने कुठे कोणते वाण वाटले गेले हे गावात सर्वांना माहीत आहे. आमच्या मुलींनी त्याची चित्रफीत काढून तक्रार करावी असे सुचवले, आणि आम्ही रीतसर तक्रार केलीही. पुढे काय झाले ते आजवर कळलेले नाही. मला जास्त चिंता वेगळी होती. अमावास्या १८ ला होती, म्हणजे उधाण सुरू होऊन होड्या निघायची हीच वेळ. मतदान सकाळी साडेसातला सुरू होणार होते, पण समुद्र कुणाची वाट पाहत नाही, आणि एका उधाणाची कमाई बुडवा असे कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी संस्थेत सगळ्या नाखव्यांनी मिळून ठरवले की ज्यांना शक्य आहे त्यांनी मत देऊन निघायचे. पुष्कळांनी तसे केले. मतदान केंद्रावर पहिल्या रांगेत रबरी बूट घातलेली माणसे उभी होती आणि केंद्राध्यक्षांनी त्यांना अडवले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मोजणी १६ तारखेला झाली. तिच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पहिल्या काही फेऱ्यांतच कल स्पष्ट झाला होता. केंद्रनिहाय आकडे हातात आल्यावर मात्र आम्ही ते संस्थेच्या टेबलावर पसरून नीट वाचले. गावातल्या केंद्रांवर मते चांगली मिळाली, परंतु अपेक्षेइतकी नाहीत. ज्या घरांना वर्षानुवर्षे एखाद्या पक्षाच्या शाखेने शाळाप्रवेशापासून रुग्णालयातल्या खाटेपर्यंत मदत केली आहे, ती घरे एका निवडणुकीत हलत नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही. गच्चीवर बैठक झाली त्या सोसायटीच्या केंद्रावर आणि पिंपांजवळच्या त्या गल्लीच्या केंद्रावर माझी मते अनोळखी अपक्षाला सहसा पडतात त्याहून बरीच जास्त होती. जिथे मी फक्त पत्रक पोहोचवले तिथे जवळजवळ काहीच मिळाले नाही. यावरून माझे मत असे झाले आहे की हद्दीसारखा विषय भाषणातून किंवा मोबाइलवरच्या संदेशातून पोहोचत नाही. नकाशा समोर पसरून, बोट ठेवून, माणसाला त्याची स्वतःची जागा त्यात शोधायला लावावी लागते, आणि दहा दिवसांत एवढ्या मोठ्या प्रभागात ते शक्य नाही. ज्याला पुढची निवडणूक लढवायची आहे त्याने हे काम निवडणुकीच्या कितीतरी आधी सुरू करावे.

खर्चाची मर्यादा १५ लाख होती. आमचा खर्च तिच्या जवळपासही गेला नाही. तरीही हिशेब तितक्याच काटेकोरपणे द्यावा लागतो. चहा, खुर्च्या, रिक्षा, ध्वनिक्षेपक अशा प्रत्येक गोष्टीचे दर ठरवून दिलेले असतात, कुणी फुकट दिले तरी त्या दराने ती रक्कम खर्चात धरावी लागते, आणि निकालानंतर ३० दिवसांत अंतिम हिशेब सादर केला नाही तर पुढची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवले जाते. हिशेब हा माझा रोजचा धंदा असल्यामुळे हे काम मला जड गेले नाही, पण बरोबरच्या दोन अपक्ष उमेदवारांना ते माहीतच नव्हते आणि आम्ही तिघांनी बसून तिन्ही हिशेब पूर्ण केले.

त्यानंतर प्रमाणात काढलेला नकाशा, जुन्या घरपट्टीच्या पावत्यांच्या प्रती आणि सुकवणीच्या हंगामातली तारीखवार छायाचित्रे असा संच करून आम्ही तो आमच्या नव्या नगरसेवकांच्या कार्यालयात नेऊन दिला. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे मंजूर आराखड्यात फेरबदल सुचवण्याचा अधिकार महानगरपालिकेला आहे. प्रस्ताव आला की सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि मग तो राज्य सरकारकडे जातो. वलांडीची जागा मच्छीमारांच्या सामायिक वापरासाठी दाखवावी, असा प्रस्ताव महापालिकेच्या सुधार समितीपुढे यावा ही आमची मागणी आहे. माझ्याविरुद्ध निवडून आलेल्यांकडेच ती मागणी घेऊन जाण्यात मला कसलाही कमीपणा वाटला नाही. त्यांनी कागद ठेवून घेतले आणि प्रत्यक्ष जागा पाहायला येण्याचे मान्य केले. आम्ही त्यांना एकच विनंती केली आहे की पाहणी मे महिना संपायच्या आत करावी, बांबू उभे असताना.